ताबा कुणाचा, वकील कुणाचा

लोणावळ्याहून सुटलेली पुण्याची लोकल मळवली, कामशेत, कान्हे अशी थांबत वडगावला येते आणि पुढे तळेगाव, देहूरोड, चिंचवड, पिंपरी, खडकी करत शिवाजीनगर गाठते. लोणावळ्याजवळच्या औंढे गावातला एखादा संसार मोडला, की त्याचा कायदेशीर प्रवास बहुधा याच रुळांवरून होतो. वडगाव मावळला तालुक्याचं न्यायालय, शिवाजीनगरला जिल्हा न्यायालय आणि कुटुंब न्यायालय. कुणी कुठल्या स्टेशनावर उतरायचं हे कळायलाही आधी वकील लागतो. तो शोधण्याची सुरुवात घरोघर एकाच प्रश्नाने होते: "ओळखीचा कुणी चांगला वकील आहे का?"

ओळखीचा वकील मावळात बऱ्याच घरांना असतो. तो जमिनीमुळे घरात आलेला असतो. द्रुतगती मार्ग झाला, लोणावळ्याच्या आजूबाजूच्या डोंगरउतारांवर बंगले उठले, गुंठ्यांचे भाव चढले, आणि त्यासोबत वारसनोंदी, हिश्शांचे दावे, खरेदीखतांवरच्या हरकती आल्या. अशा कामात मुरलेला वकील दोन गोष्टींत तरबेज असतो: पहिल्याच तारखेला मनाई हुकूम आणायचा आणि हातातलं हातातून जाऊ द्यायचं नाही. मग दावा दहा वर्षं चालला तरी बिघडत नाही, कारण जमीन जागची हलत नाही. मूल मात्र तेवढ्या काळात अंगणवाडीतून दहावीच्या वर्गात पोचतं. म्हणून गावकीचा वाद उत्तम लढवणारा माणूस मुलाच्या ताब्याच्या कामात योग्य ठरेलच असं नाही. या कामाला वेगळ्या सवयीचा वकील लागतो. ती सवय ओळखायची कशी, हा या लेखाचा विषय.

यात कुणा कुटुंबाची कहाणी नाही, आणि त्याला कारण आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ नुसार या खटल्यांची सुनावणी बंद दाराआड चालते आणि परवानगीशिवाय तिचा तपशील छापणं हा दंडनीय अपराध आहे. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांचे प्रसिद्ध झालेले निकाल मात्र सर्वांसमोर आहेत, आणि शिकण्यासारखं त्यांत भरपूर आहे.

चार दरवाजे

मुलाचा ताबा मागायचे निदान चार मार्ग आहेत. वकिलाची पहिली परीक्षा तो यातला कुठला निवडतो, आणि का निवडतो, इथेच होते.

पहिला दरवाजा वडगावला उघडतो. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. छळाला कंटाळून मुलासह माहेरी औंढ्याला आलेली स्त्री, तिथे तात्पुरती राहत असली तरी, त्या हद्दीच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकते. कलम २१ खाली मुलाचा तात्पुरता ताबा मागता येतो. पहिली तारीख साधारण ३ दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत, अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात ती क्वचितच पुरी होते. तरीही घराजवळचं न्यायालय, संरक्षण अधिकाऱ्याची मदत आणि निवासापासून पोटगीपर्यंतचे हुकूम एकाच अर्जात, ही या वाटेची जमेची बाजू. हा दरवाजा फक्त पीडित स्त्रीसाठी आहे आणि इथला ताबा तात्पुरता असतो, हे वकिलाने आधीच सांगायला हवं.

दुसरा दरवाजा घटस्फोटाच्या अर्जातच असतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ नुसार त्याच न्यायालयाकडे मुलाचा ताबा, शिक्षण आणि खर्च यांबद्दल हुकूम मागता येतो. २००३ च्या दुरुस्तीनंतर पत्नी जिथे राहते तिथेही अर्ज दाखल करता येतो. त्यामुळे लग्न ठाण्यात झालं आणि नवरा नवी मुंबईत असला तरी बाईने तिकडे खेटे घालायलाच हवेत असं नाही. कुटुंब न्यायालयाची हद्द जिथे संपते तिथे हे काम वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयाकडे जातं. आपलं गाव कुणाच्या हद्दीत, हा वकिलाला विचारायचा अगदी पहिला प्रश्न. त्याचं उत्तर चुकलं तर वर्षभराने अर्ज परत मिळतो आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

तिसरा दरवाजा १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याचा. त्याला घटस्फोटाची गरज नाही. आई, वडील, आजी-आजोबा, कुणीही जाऊ शकतं. इथे कलम ९ महत्त्वाचं: मूल जिथे सामान्यतः राहतं तिथल्याच न्यायालयाला अधिकार. मग शाळेचं बोनाफाईड, अंगणवाडीतली नोंद, लसीकरणाचं कार्ड असे कागद एकदम वजनदार होतात.

चौथा दरवाजा थेट मुंबई उच्च न्यायालयाचा, हेबिअस कॉर्पस याचिकेचा. तो अपवादाने उघडतो. तेजस्विनी गौड विरुद्ध शेखर जगदीश प्रसाद तिवारी या २०१९ च्या निकालात आई कर्करोगाने गेल्यावर मूल मावशांकडे होतं आणि वडील ताबा मागत होते. मुंबई उच्च न्यायालयाने मूल वडिलांकडे द्यायला सांगितलं आणि सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. मूल कायद्याने हक्क नसलेल्याच्या हाती असेल तरच ही याचिका चालते, बाकीच्यांनी पालक आणि पाल्य कायद्याच्या वाटेने जावं, असा त्याचा मथितार्थ. "सरळ हायकोर्टात जाऊ, आठ दिवसांत पोरगं आणून देतो," असं पहिल्याच भेटीत म्हणणाऱ्यापासून म्हणूनच चार पावलं लांब राहावं.

महाराष्ट्रातल्या कुटुंब न्यायालयांत अर्जांना अक्षरं असतात: घटस्फोटाचा ए, ताब्याचा डी, पोटगीचा ई, परस्परसंमतीचा एफ. आवारात पक्षकारही "आमचं डी आहे" असं सहज बोलून जातात. ख्रिस्ती, पारशी किंवा विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलेल्यांची कलमं वेगळी, पण पुढे येणारी कसोटी सगळ्यांना जवळपास तीच.

न्यायालयाला काय ऐकायचं असतं

नवरा-बायको न्यायालयात येतात ते कोण चुकलं हे सिद्ध करायला. ताब्याच्या अर्जात न्यायाधीश दुसरंच विचारतात: मूल कुठे नीट वाढेल? हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ च्या कलम १३ ने मुलाचं कल्याण सर्वांत वर ठेवलं आहे. त्याच कायद्याच्या कलम ६ नुसार पाच वर्षांखालचं मूल सामान्यतः आईकडे असावं.

हे "सामान्यतः" म्हणजे किती, याचा खल गोव्यातल्या एका प्रकरणात झाला. मूल दोन वर्षांचंही नव्हतं. मडगावच्या न्यायालयाने २०१४ च्या जानेवारीत अंतरिम ताबा आईला दिला, मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तो हुकूम फिरवला आणि १७ फेब्रुवारी २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मूल पुन्हा आईकडे सोपवलं. रॉक्सॅन शर्मा विरुद्ध अरुण शर्मा या निकालात न्या. विक्रमजित सेन यांनी सांगितलं, की एवढ्या लहान मुलाच्या बाबतीत आईने आपली लायकी सिद्ध करत बसायचं नाही. ती अयोग्य आहे असं म्हणणाऱ्या वडिलांनी ठोस कारणं दाखवायची. खालचं न्यायालय, वरचं न्यायालय, त्याहून वरचं न्यायालय, आणि एक वर्ष. तेवढ्यात त्या मुलाच्या इवल्या आयुष्याचा मोठा भाग दाव्यात गेला होता.

आईच्या हक्काची एक मोठी लढाई याआधीही झाली होती. लेखिका गीता हरिहरन यांनी १९८४ मध्ये मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायचे म्हणून अर्ज केला, तर बँकेने वडिलांची सही मागितली. इंदिरा जयसिंग यांनी त्यांची बाजू मांडली. १७ फेब्रुवारी १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की वडील हयात असूनही मुलाची जबाबदारी घेत नसतील तर आईही नैसर्गिक पालक ठरते. आज बँकेत किंवा शाळेत "वडिलांची सही आणा" असं ऐकणाऱ्या आईच्या वकिलाला हा निकाल तोंडपाठ असायला हवा.

पाचच्या पुढच्या वयात मैदान बरंचसं मोकळं होतं. मूल समजत्या वयाचं असेल तर त्याची पसंती विचारात घेता येते, हे १८९० च्या कायद्याच्या कलम १७ मध्येच आहे. न्यायाधीश मुलाशी चेंबरमध्ये एकटे बोलतात. पढवून पाठवलेलं पोर तिथे दोन मिनिटांत उघडं पडतं. ज्या वकिलाला हे ठाऊक असतं तो "साहेबांनी विचारलं तर काय सांगायचं" याची शिकवणी घेऊ देत नाही.

शोधायचा कुठे

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ नुसार वकिलाला जाहिरात करता येत नाही. संकेतस्थळावर नाव, पत्ता, नोंदणी, शिक्षण, कामाचं क्षेत्र एवढी मोजकी माहिती देता येते. "ताबा हमखास" असं कुठे वाचलंत तर नियम मोडणारा माणूस समोर आहे एवढं समजा. निकालावर अवलंबून फी ठरवण्यालाही, म्हणजे "जिंकलो तर इतके" या बोलीला, मनाई आहे.

मग उरतं ते पाहणं आणि विचारणं. अकराच्या सुमाराला न्यायालयाच्या व्हरांड्यात अर्धा दिवस बसलं तरी बरंच कळतं. पुकारा झाल्यावर कोण स्वतः उभं राहतं, कोण ज्युनिअरला धाडून तारीख घेतं, कोण समुपदेशकाच्या खोलीबाहेर आपल्या पक्षकाराला शांत करतं आणि कोण भडकवतं, हे दिसतं. ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर वकिलाच्या नावाने खटले शोधता येतात. त्यांतले ताब्याचे किती आणि जमिनीचे किती, याचा अंदाज येतो. सनद क्रमांक विचारायला लाजू नये. महाराष्ट्र आणि गोव्याची बार कौन्सिल एकच आहे आणि ती नोंद तिथे असते.

पैसे नाहीत म्हणून वकील नाही, अशी पाळी स्त्रीवर कायद्याने येऊ नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया आणि मुलं यांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. ठरावीक उत्पन्नाखालचे पुरुषही पात्र असतात. तालुक्याला विधी सेवा समिती, जिल्ह्याला प्राधिकरण आणि दूरध्वनी १५१००. शिवाय राज्य शासनाच्या १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने घटस्फोट, पोटगी, हिंसाचार, मालमत्ता अशा बाबतींत स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे. कोर्ट फीच्या नावाखाली कुणी मोठी रक्कम मागितली तर हे आठवावं.

कुटुंब न्यायालयाच्या १९८४ च्या कायद्यात आणखी एक गोष्ट आहे. कलम १३ प्रमाणे तिथे वकील हा पक्षकाराचा हक्क नाही, त्यासाठी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. ती सहसा मिळते. पण न्यायाधीश आणि समुपदेशक थेट आई-बापांशी बोलणार, हे यातून स्पष्ट होतं. तुमच्या जागी सगळं आपणच बोलणार असं म्हणणारा वकील या इमारतीत फारसा उपयोगी पडत नाही.

"बाई वकीलच हवी," असाही आग्रह असतो. त्यामागचा संकोच खरा आहे आणि जुनाही. नाशिकला १८६६ मध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या, आणि १८९६ मध्ये पुण्याच्याच न्यायालयात सनद नसतानाही आरोपीच्या बचावासाठी उभ्या राहिल्या. पुढे बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये पडद्यातल्या विधवा आणि अज्ञान वारस यांचं काम त्यांनी अनेक वर्षं केलं. पुरुष वकिलासमोर बोलूच न शकणाऱ्या बायका त्यांच्याशी बोलल्या. आजही जिच्याशी मोकळं बोलता येईल ती वकील निवडावी. पण मोकळेपणा माणसाच्या ऐकण्यावर ठरतो. टेबलापलीकडची व्यक्ती पहिल्या पंधरा मिनिटांत किती ऐकते आणि किती बोलते, हे पाहावं.

पहिली भेट

पहिल्या भेटीला जाताना सासरच्यांच्या अपराधांची यादी प्रत्येकाजवळ तयार असते. तिच्यासोबत एक वेगळा कागद न्यावा: मुलाचा आठवडा. सकाळी उठवतं कोण, डबा कोण भरतं, शाळेत कोण सोडतं, ताप आला तर डॉक्टरकडे कोण नेतं, पालकसभेला सही कुणाची. वकिलाने तो कागद बाजूला सारून "नवऱ्याची प्रॉपर्टी किती?" असं विचारलं तर उत्तर मिळालं. त्याने कागद वाचून "डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आहेत का? वर्गशिक्षिकेचं नाव काय? आई कामावर जाते तेव्हा पोर कुणाजवळ असतं?" असं विचारायला सुरुवात केली, तर तो मुलाचं काम ओळखून आहे.

पुढचा प्रश्न किती खटले टाकणार हा. वडगावला हिंसाचाराचा अर्ज, शिवाजीनगरला घटस्फोट, पोलिसांत तक्रार, पोटगीचा वेगळा अर्ज, असं सगळीकडून घेरायचा सल्ला सर्रास मिळतो. काही घरांत त्यातलं प्रत्येक पाऊल अत्यावश्यक असतं. मारहाण झाली असेल तर तक्रार व्हायलाच हवी. पण प्रत्येक अर्जाची तारीख वेगळी, आणि प्रत्येक तारखेला औंढ्याहून निघणाऱ्याचा एक दिवसाचा रोज बुडतो. वकिलाने प्रत्येक अर्जाचं कारण एका वाक्यात सांगावं. नाही सांगता आलं तर तो अर्ज थांबवावा.

फी तारखेवर की पूर्ण कामाची, टायपिंग आणि नकलांचा खर्च वेगळा का, अपील झालं तर काय, हे लेखी घ्यावं. वकीलपत्रावर सही करण्याआधी ते वाचावं. कोऱ्या कागदावर आणि कोऱ्या पुरसिशीवर सही करू नये, वकील कितीही ओळखीचा असला तरी. दाखल झालेल्या प्रत्येक कागदाची प्रत आपल्या पिशवीत असावी, आणि खटल्याचा सीएनआर क्रमांक फोनमध्ये. त्यावरून पुढची तारीख आणि त्या दिवशीचा रोजनामा आपला आपल्याला पाहता येतो.

तह आणि त्याची कलमं

वडगावला १७७९ च्या जानेवारीत मराठ्यांनी इंग्रज फौजेला कोंडीत धरून तह करायला लावला. पुढे कंपनीने तो मानला नाही. गावच्या बैठकीत ठरलेले समझोते याच जातकुळीचे असतात. चार वडीलधारी बसतात, स्टँपपेपरवर सोडचिठ्ठी लिहितात, नोटरीचा शिक्का मारतात, आणि "पोरगी आईकडे, सणासुदीला बापाकडे" एवढ्यावर उठतात. एखाद्या समाजातली जुनी रूढ काडीमोड पुराव्यानिशी सिद्ध करता आली तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ ने ती मान्य होऊ शकते. एरवी नोटरीच्या कागदाने लग्न मोडत नाही आणि मुलाचा ताबाही ठरत नाही. दुसऱ्या लग्नाच्या वेळी किंवा मुलाच्या शाळाबदलाच्या वेळी हे लक्षात येतं.

समझोता करावाच. तो न्यायालयात करावा. परस्परसंमतीच्या अर्जात सहा महिने थांबायचा नियम अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या २०१७ च्या निकालानंतर योग्य प्रकरणांत शिथिल होतो. मात्र हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं. म्हणून मुलाची कलमं बारकाईने लिहिणारा वकील हवा. भेट कुठल्या शनिवारी, किती ते किती, पोचवायचं कुणी, उन्हाळी सुट्टीचे कुठले दिवस कुणाकडे, गणपती-दिवाळी आलटून पालटून कशी, दप्तर आणि औषधं कुणी द्यायची, आजी-आजोबांना भेट कशी, खर्च दरवर्षी किती टक्क्यांनी वाढणार. "सोयीनुसार भेट" असं मोघम लिहिलेलं कलम पहिल्या भांडणात फाटतं.

इथे वडिलांबद्दलही बोलायला हवं, कारण वकील शोधणाऱ्यांत तेही असतात. ताबा न मिळालेल्या पालकाला मुलाचा सहवास मिळणं हा मुलाचाही हक्क आहे. यशिता साहू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये रोज पाच-दहा मिनिटं फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर बोलण्याची सोय असावी, असं म्हटलं. सोलापूरला जन्मलेले न्या. अजित प्रकाश शहा अध्यक्ष असताना विधी आयोगाने मे २०१५ च्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली. तिचा कायदा झाला नाही, पण आई-बाप आपल्या सहीने तशी व्यवस्था करू शकतात. "पोराला दाखवूच नका, तो आपोआप पैसे देईल," असा सल्ला देणारा वकील आईचाही हितचिंतक नसतो. भेटीचा हुकूम वारंवार मोडणाऱ्या पालकाबद्दल न्यायाधीशांचं मत बदलतं, आणि शाळेच्या फाटकावरून मूल उचलून नेणाऱ्याबद्दलही.

वेळ

नागपूरच्या एका प्रकरणात २०१३ च्या जानेवारीत, मुलगा जन्मल्यावर थोड्याच दिवसांत, आई सासरहून बाहेर पडली. कुटुंब न्यायालयाने २०१५ मध्ये पत्नीला दरमहा १५,००० रुपये आणि मुलाला आधी ५,०००, मग १०,००० रुपये अशी अंतरिम पोटगी ठरवली. त्या हुकुमावरचा वाद नागपूर खंडपीठातून दिल्लीला गेला. ४ नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी नियम घालून दिले: दोघांनी उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. तोवर ते मूल सात वर्षांचं झालं होतं. या निकालानंतर वकिलाने ते प्रतिज्ञापत्र पहिल्याच फेरीत तयार ठेवायला हवं. त्यासाठी तारीख मागणारा वकील तुमचे महिने खर्ची घालतो.

ताब्याचा हुकूम कायमचा नसतो. रोझी जेकब प्रकरणात १९७३ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की परिस्थिती बदलली तर तोही बदलता येतो. मूल मोठं होतं, शाळा बदलते, कुणाचं दुसरं लग्न होतं, कुणाची बदली होते. मुलाला अठरा पूर्ण होईपर्यंत फाईल पुन्हा उघडू शकते, आणि समोरच्या पालकाशी बोलावंच लागतं. दाव्यात घातलेला प्रत्येक शब्द तोवर कागदावर असतो, आणि कधीतरी ते कागद मूल स्वतः वाचतं. संताप शांत झाल्यावर लाज वाटेल असा मजकूर खोडायला लावणारा वकील त्या क्षणी भित्रा वाटतो. तोच पुढे स्वस्त पडतो.

वकील बदलावासा वाटला तर बदलता येतो. फी थकली म्हणून कागद अडवून ठेवायचा अधिकार वकिलाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये आर. डी. सक्सेना प्रकरणात स्पष्ट केलं. आधीच्याची नाहरकत घ्यावी, मिळाली नाही तर न्यायालयाला सांगावं. मात्र दर सहा महिन्यांनी नवा वकील धरणाऱ्याची अडचण बहुतेकदा वकिलात नसते. त्याला हवं ते उत्तर कुठलाच प्रामाणिक वकील देत नसतो.

ताब्याच्या खटल्यात आईचा वकील असतो, बापाचा असतो. ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय त्याला वकीलपत्रावर सही करता येत नाही आणि फीही देता येत नाही. दोघांचे वकील हे लक्षात ठेवणारे निघाले तर बरेचसे दावे समुपदेशकाच्या खोलीतच मिटतील. दोघांपैकी एक तरी तसा निवडणं आपल्या हातात आहे, आणि ती निवड पहिल्या तारखेच्या आधी होते.